पंचनाम्याआधीच वावर नांगरू नका : संगणक का बंद पडला, हे तोच लिहून ठेवतो

मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशिम) : पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली, की सेवा केंद्रावर सकाळपासूनच नंबर लागतात. सातबारा, आधार, पासबुक हातात घेऊन माणूस दोन-तीन तास उभा राहतो. नंबर येतो, अर्ज अर्धा भरून होतो आणि स्क्रीन एकदम निळा पडतो. इंग्रजीत चार ओळी, एक पडलेला चेहरा, खाली टक्केवारी चढत जाते आणि संगणक आपोआप पुन्हा चालू होतो. भरलेला अर्ज गेला. मागच्यांना एकच उत्तर मिळतं, "सर्व्हर डाउन हाय भाऊ, उद्या या."

मेडशीच काय, अकोला-वाशिम रस्त्यावरच्या कुठल्याही गावात हे वाक्य आता पाठ झालं आहे. अडचण अशी, की दहा वेगवेगळ्या बिघाडांना हे एकच नाव पडलं आहे. सर्व्हर डाउन म्हणजे मुंबई-पुण्याकडचा किंवा दिल्लीचा मोठा संगणक उत्तर देत नाही. तसं असेल तर केंद्रवाल्याच्या हातात काहीच नसतं. पण निळा स्क्रीन येऊन समोरचाच डब्बा बंद पडत असेल, तर त्यात सर्व्हरचा काही संबंध नाही. तो बिघाड त्याच टेबलावर आहे आणि त्याचं कारणही बहुतेक वेळा त्याच टेबलावर सापडतं. ओळखायची रीत सोपी आहे. तीच वेबसाइट रांगेतल्या कोणाच्या मोबाइलवर उघडून पाहायची. मोबाइलवर उघडली आणि केंद्रावर नाही, तर दोष इथला.

पण आपल्याकडे पुढे काय होतं? दुरुस्तीवाला येतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "फॉरमॅट मारू का?" संगणक का पडला, हे कोणी पाहत नाही. फॉरमॅट होतं, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा ऐन गर्दीत स्क्रीन निळा. अतिवृष्टीने पीक गेल्यावर तलाठी-कृषी सहायक पंचनाम्याला यायच्या आधीच कोणी वावर नांगरून टाकलं, तर नुकसान काय नि कशानं झालं हे दाखवणार कसं? फॉरमॅटचं तसंच आहे.

मरता मरता लिहिलेला जबाब

विंडोजवर चालणारा संगणक असा पडतो तेव्हा खरं तर तो स्वतःला मुद्दाम थांबवतो. आतल्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात, काही भलतंच घडलं आणि पुढे काम चालू ठेवलं तर डिस्कवरची माहितीच खराब होईल असं दिसलं, की तो सगळं जागच्या जागी गोठवतो. डीपीवरचा फ्यूज उडतो तसा हा प्रकार. फ्यूज उडाला म्हणून फ्यूजला शिव्या देऊन काय उपयोग, लोड कुठून आला ते पाहावं लागतं.

थांबण्याआधी तो एक काम करतो. त्या क्षणी मेमरीत काय होतं, कुठला प्रोग्राम कुठल्या पायरीवर होता, कोणकोणते ड्रायव्हर चालू होते, हे सगळं तो एका फाइलमध्ये उतरवून ठेवतो. हीच क्रॅश डंप फाइल. निळ्या स्क्रीनवर चढणारी टक्केवारी म्हणजे हे लिहिण्याचंच काम चालू असतं. घाईत बटण दाबून मशीन बंद केलं, की जबाब अर्धवट राहतो.

या फाइल दोन जागी सापडतात. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात ‘मिनिडंप’ नावाचं छोटं फोल्डर असतं. त्यात दर वेळच्या पडण्याची एक लहान फाइल, नावात तारखेसह. दुसरी ‘मेमरी डॉट डीएमपी’ नावाची मोठी फाइल विंडोज फोल्डरातच असते. ती शेकडो एमबी, कधी जीबीतही जाते आणि पुढच्या वेळी संगणक पडला की जुनीवर नवी लिहिली जाते. म्हणून मागचा इतिहास पाहायचा तर लहान फाइल जास्त कामाच्या.

१९ जुलै २०२४ ला जगाचा पंचनामा असाच झाला

ही फाइल वाचून किती मोठं कोडं सुटू शकतं, हे साऱ्या जगाने पाहिलं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. ती चुकीची होती. कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधली ७८ मिनिटं. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. चालू करावेत तर पुन्हा निळे. त्या वेळात ज्यांची मशीन बंद होती ते वाचले.

मुंबई-दिल्लीसह विमानतळांवर रांगा लागल्या, इंडिगोने जवळपास २०० उड्डाणं रद्द केली आणि हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्याचे फोटो त्या दिवशी आपल्याही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की १० बँका व वित्त संस्थांना किरकोळ त्रास झाला. सरकारी एनआयसीचं जाळं सुरक्षित राहिलं. गावच्या केंद्रांना तर त्याची झळच लागली नाही, कारण ते महागडं सॉफ्टवेअर इथं घेतंय कोण?

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र गावातल्या दुरुस्तीवाल्यानेही लक्षात ठेवावी अशी आहे. संगणक पडत होते तेव्हाच समाजमाध्यमांवर एकाने डंपमधल्या काही ओळींचा फोटो टाकून ठामपणे कारण सांगून टाकलं. लाखोंनी ते पुढे ढकललं. जाणकारांनी नीट वाचल्यावर तो निष्कर्ष कच्चा निघाला. मग २७ जुलैला मायक्रोसॉफ्टने स्वतः डंप उघडून दाखवले : क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर मेमरीत आपल्या हद्दीबाहेरची जागा वाचायला गेला होता. कंपनीही तेच म्हणत होती. ६ ऑगस्टला, म्हणजे घटनेनंतर १८ दिवसांनी, कंपनीने मुळापर्यंतचा अहवाल जाहीर केला.

त्यातलं कारण कोणाही शेतकऱ्याला कळेल असं आहे. अर्जात रकाने होते २१ आणि सोबत जोडलेले कागद २०. आधीच्या प्रत्येक वेळी एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं असायचं, म्हणून कारकून तो कागद शोधतच नव्हता आणि चूक महिनोन्‌महिने झाकून राहिली. १९ जुलैच्या फाइलमध्ये पहिल्यांदा एकविसावा कागद तपासायला सांगितलं गेलं. कारकुनाने हात घातला तो शेजाऱ्याच्या पिशवीत. साधा प्रोग्राम असता तर तेवढाच बंद पडला असता. हा ड्रायव्हर होता, कर्नलमध्ये बसणारा. म्हणून अख्खा संगणक थांबला.

सुधारायचा उपाय पाच मिनिटांचा होता : सेफ मोडमध्ये मशीन चालू करून ती एक फाइल काढून टाकायची. पण बहुतेक ठिकाणी त्यासाठी माणसाला एकेका मशीनसमोर जाऊन बसावं लागलं, म्हणून दिवसच्या दिवस गेले. अमेरिकेतल्या डेल्टा या एका विमान कंपनीची सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली आणि ते भांडण कोर्टात गेलं. यात एकाही जाणत्याने "फॉरमॅट मारा, कारण विचारू नका" असं म्हटलं नाही.

आपल्या केंद्रावर काय वाचायचं

आता विमानतळावरून परत मेडशीच्या केंद्रावर येऊ. इथला संगणक जुना, यूपीएसची बॅटरी कधीची बसलेली, अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम सगळं एकाच डब्ब्याला लटकलेलं आणि लाईनचा भरवसा नाही. इथं संगणक पडण्याची कारणं विमानतळापेक्षा जास्त आहेत, पण वाचायला सोपी.

सगळ्यात आधी लाईनचा निकाल लावायचा. लाईन गेली, व्होल्टेज पडलं किंवा आतला पॉवर सप्लाय कमजोर झाला, तर संगणक क्षणात मरतो. जबाब लिहायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून मशीन वरचेवर बंद पडतंय पण मिनिडंप फोल्डर रिकामं आहे, हाच एक पुरावा समजायचा. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही आधीपासूनच असते. त्यात सिस्टिमच्या नोंदींमध्ये ‘कर्नल-पॉवर’, क्रमांक ४१ अशी लाल नोंद दिसते. तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. ती नोंद उघडल्यावर आत ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर बहुधा निळा स्क्रीन आलाच नव्हता. लाईन, पॉवर सप्लाय, तापलेलं मशीन किंवा कोणी बटण दाबून धरलं, यातलंच काही. अशा मशीनला दहा वेळा फॉरमॅट मारलं तरी फरक पडणार नाही. तिथं यूपीएसची बॅटरी बदलायची, अर्थिंग पाहायचं, पंख्यातली धूळ काढायची. आपल्याकडे सोयाबीन काढणीच्या दिवसांत रस्त्यालगतच्या दुकानात किती भुसा नि धूळ आत येते, हे वेगळं सांगायला नको.

फाइल सापडल्या, तर मग त्या वाचायच्या. मायक्रोसॉफ्टचं ‘विनडीबग’ हे फुकट मिळणारं साधन त्यासाठीच आहे. फाइल उघडून विश्लेषणाची एक आज्ञा दिली की ते कोड, संशयित ड्रायव्हरचं नाव आणि त्या क्षणापर्यंतच्या पायऱ्या दाखवतं. ते जड वाटलं तर ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ नावाचं लहानसं फुकट सॉफ्टवेअर मिनिडंपमधल्या सगळ्या फाइल तक्त्यासारख्या मांडतं. फक्त ते बनवणाऱ्याच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्यायचं. शोधात वर येणाऱ्या कुठल्याही लिंकवरून नाही.

एका फाइलवरून निकाल देऊ नये. तीन-चार फाइल शेजारी ठेवायच्या. दर वेळी तोच कोड आणि तोच ड्रायव्हर येत असेल, तर तो ड्रायव्हर धरायचा : नवं अंगठ्याचं मशीन जोडलं तेव्हापासून चालू झालं का, प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकल्यापासून का, हे आठवायचं. ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून नवा घ्यायचा किंवा जुना परत टाकायचा. उलट दर वेळी कोड वेगळा, नाव वेगळं, कशाचा कशाला मेळ नाही, असं असेल तर संशय रॅमवर जातो. रॅम काढून, साफ करून पुन्हा बसवायची. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची तपासणी असते, ती रात्री लावून ठेवायची. कोडमध्ये ‘डब्ल्यूएचईए’ असं दिसलं तर यंत्राचाच भाग, म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड, उष्णता वगैरे, तक्रार करतोय. ‘डेटा इनपेज एरर’ आला तर हार्डडिस्क आजारी असू शकते आणि तिथं दुरुस्तीच्या आधी लोकांच्या कागदपत्रांची प्रत काढणं महत्त्वाचं.

इथं अर्धवट जाणकार हमखास फसतात. तक्त्यात पुष्कळदा विंडोजच्या स्वतःच्या गाभ्याच्या फाइलचं नाव येतं आणि लगेच "विंडोजच खराब आहे, फॉरमॅट मारा" असं ठरतं. प्रेत ज्याच्या वावरात सापडलं तोच खुनी, असं पोलीसही धरत नाहीत. एखादा ड्रायव्हर मेमरी खराब करून निघून जातो आणि नंतर तिथं पाय ठेवणारा विंडोज पडतो. नाव त्याचं लागतं, काम दुसऱ्याचं असतं.

डंप न सापडण्याची आणखीही कारणं आहेत. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असला तर लिहायला जागा नसते. संगणक ‘फास्ट’ करून देतो म्हणणाऱ्यांनी पेज फाइल बंद केली असेल, तरी डंप नीट तयार होत नाही. सफाई करणारी सॉफ्टवेअर या फाइल कचरा समजून पुसतात. २५ जीबीपेक्षा कमी जागा उरली तर मोठी फाइल विंडोज स्वतःच काढून टाकू शकतो.

अलीकडच्या दोन बदलांनी गोंधळ वाढू शकतो. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर हा स्क्रीन निळ्याऐवजी काळा झाला आणि पडलेला चेहरा गेला. कोड आणि जमलं तर ड्रायव्हरचं नाव खाली छोट्या अक्षरात येतं. काळा स्क्रीन पाहून मॉनिटर गेला समजून नवा आणायची घाई करू नये. दुसरं, विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. बरेच जुने संगणक विंडोज ११ घेऊ शकत नाहीत, ते तसेच चालू राहतील, पण सुरक्षेची अपडेट नोंदणी केल्याशिवाय येणार नाहीत. अशा मशीनवर शेकडो लोकांचे आधार क्रमांक टाइप होतात, हा वेगळ्या बातमीचा विषय आहे.

फाइल कोणाच्या हाती द्यायची

डंप फाइल म्हणजे मेमरीची नक्कल, आणि मेमरीत त्या क्षणी जे उघडं होतं ते त्यात येऊ शकतं. लहान मिनिडंपमध्ये हे फार कमी असतं. मोठ्या फाइलमध्ये धोका जास्त. एखादा प्रोग्राम, समजा ब्राउझर, एकटाच पडला आणि त्याचा वेगळा डंप तयार झाला, तर त्यात अर्जात भरलेलं नाव, नंबर, पासवर्ड असं काहीही असू शकतं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीलाही याचा घाम फुटला होता. २०२३ मध्ये हॅकरांनी तिच्या एका गुप्त किल्लीच्या जोरावर अमेरिकी सरकारी ई-मेल वाचले. ती किल्ली २०२१ च्या एका क्रॅश डंपमधून बाहेर गेली असावी, असं कंपनीने आधी सांगितलं. पुढे २०२४ मध्ये, तसा डंप आम्हाला सापडलेला नाही, असंही तिनंच मान्य केलं. कंपनीचं खरं-खोटं काहीही असो, डंपमध्ये किल्ली असू शकते ही शक्यता तिलाच आधी सुचली, हे पुरे. म्हणून मोठी फाइल तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून "कोणी सांगा काय झालं" असं विचारू नये. लहान फाइलही ओळखीच्या, भरवशाच्या माणसालाच द्यावी.

आणि सर्व्हर खरंच पडला तर?

तोही पडतोच. २०२४ च्या जुलैत रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीन सर्व्हरमुळे राज्यभर अडल्या आणि शेवटी धान्य ऑफलाइन वाटायची परवानगी द्यावी लागली. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीत ओटीपी येईना म्हणून बाया लेकरं घेऊन केंद्रावर चकरा मारत होत्या. मुदत आधी नोव्हेंबरपर्यंत होती, ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली. सर्व्हर हाही संगणकच. तो पडला की त्याच्याही नोंदी राहतात आणि त्या वाचणारे पगारी लोक असतात. फरक असा, की एका खासगी कंपनीला ७८ मिनिटांच्या चुकीसाठी किती वाजता, कशानं, कोणत्या रकान्यानं, हे १८ दिवसांत जगापुढे मांडावं लागलं. आपल्या वाट्याला ‘तांत्रिक अडचण’ हे दोन शब्द येतात. पोर्टल अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत बंद होतं, एवढं जरी संबंधित खात्याने त्याच दिवशी जाहीर केलं, तरी मुदत चुकलेल्या माणसाला दाखवायला काही राहील आणि केंद्रवाल्यालाही स्वतःच्या डब्ब्याचा दोष सर्व्हरवर ढकलता येणार नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर रांगेतल्या माणसाच्या खिशात मोबाइल आहेच. स्क्रीन निळा किंवा काळा पडला की खालच्या कोडचा फोटो काढायचा. फोटोवर वेळ आपोआप राहते. वेबसाइट उघडत नसेल तर तिच्यावरच्या संदेशाचा वेळेसह स्क्रीनशॉट. मुदत हुकली तर तहसील किंवा कृषी कार्यालयात अर्ज देताना तो सोबत जोडता येतो. अर्ज भरताना मशीन पडलं असेल, तर पैसे कटले का आणि पावती क्रमांक तयार झाला का, हे तिथंच पाहून घ्यायचं. नाहीतर एकाच सातबाऱ्यावर दोनदा भरणा होतो.

केंद्रवाल्याने एक वही ठेवावी : तारीख, वेळ, तेव्हा कोणतं मशीन वापरात होतं, लाईन होती का, कोड काय आला. दुरुस्तीवाल्याने ‘फॉरमॅट’ म्हणताच त्याच्या हाती पेन ड्राइव्ह द्यायचा आणि आधी मिनिडंप फोल्डर त्यावर घ्यायला सांगायचं. उघडताना विंडोज अ‍ॅडमिनची परवानगी मागतो, ‘कंटिन्यू’ दाबलं की फोल्डर उघडतं. आतून फाइल थेट उघडत नसतील तर अख्खं फोल्डर आधी डेस्कटॉपवर कॉपी करायचं आणि तिथून पेन ड्राइव्हवर.